शब्दचर्चा: ‘मॅसिव्ह स्टार’ला राक्षसी तारा म्हणावं का?

सर्पिल दीर्घिकांमधल्या (स्पायरल गॅलक्सींमधल्या) तारानिर्मितीवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘मॅसिव्ह स्टार’ला ‘राक्षसी तारा’ लिहिलं आणि ‘स्टार फॉर्मेशन रेट’ला ‘ताराजन्मदर’. चालेल का?

— ताई, ‘राक्षसी’ नको. तो शब्द जायंटसाठी, म्हणजे आकारासाठी रुळलाय. आपली रोहिणी बघा. ती तांबडी राक्षसी तारा. त्रिज्या सूर्याच्या चाळीसपटीहून जास्त, पण वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंसंच अधिक. चित्रेचं उलट आहे. त्या जोडताऱ्यातल्या मोठ्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ११ पट, त्रिज्या मात्र सात-आठ पटच. तुमच्या लेखातले तारे चित्रेच्या जातीचे: सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमानापासून पुढचे.

— मग ‘वजनदार’?

— वाचकाला कळेल, पण मी ‘जड तारा’ म्हणेन. वजन गुरुत्वाकर्षणाप्रमाणे बदलतं. वस्तुमान हे जडत्वाचं माप आहे आणि न्यूटनचा जडत्वाचा नियम आपण शाळेत मराठीतच शिकलो. म्हणजे बोलीतला हा शब्द शास्त्रालाही नेमका बसतो. पहिल्यांदा ‘जास्त वस्तुमानाचा, म्हणजे जड तारा’ असं लिहा, पुढे नुसतं ‘जड तारा’.

— ‘ताराजन्मदर’ कानाला गोड आहे, पण जन्मदर म्हटलं की आपण डोकी मोजतो. इथे मोजायचं ते दरवर्षी किती सूर्यांच्या वस्तुमानाइतक्या वायूचे तारे होतात ते. आपल्या आकाशगंगेत हा आकडा साधारण दोनच्या आसपास. जन्मणारे बहुतेक तारे सूर्याहून लहान, त्यामुळे ताऱ्यांची संख्या त्याहून जास्त भरते. ‘तारानिर्मितीचा दर’ बरा.

— पण लेखात म्हटलंय तसा हा दर काढायला जड तारेच का लागतात?

— कारण ते अल्पायुषी. सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षं, सर्वांत जड ताऱ्यांचं जेमतेम काही दशलक्ष. ते दिसले म्हणजे तिथे तारे नुकतेच जन्मलेत. त्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचं आयनीभवन होतं, म्हणजे त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि तो ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात चमकतो. त्या प्रकाशावरून दराचा अंदाज बांधतात. सप्तर्षींतल्या मरीचीजवळच्या एम ५१ दीर्घिकेचा फोटो काढून बघा, तिच्या सर्पिल भुजांवर या चमकत्या वायूच्या गुलाबी ठिपक्यांची रांगच लागलेली दिसेल.

— ‘सर्पिल’ऐवजी ‘मळसूत्री’ म्हटलं तर?

— नको. मळसूत्र फिरत फिरत वर चढतं, स्क्रूच्या आट्यांसारखं. या भुजा चकतीतच वळतात, वेटोळं घातलेल्या सापासारख्या.