मदत हवी आहे : एईडी ‘शॉकची गरज नाही’ म्हणालं, आम्ही हात काढले. चुकलो का?

कृष्णाकाठ :
मंडळी, सांगलीत विश्रामबागेकडं आमच्या कॉलनीचा बॅडमिंटन हॉल आहे. मागं वर्गणी काढून एईडी मशीन (हृदय अचानक बंद पडलं तर ठेका तपासून, गरज असेल तर शॉक देणारं) घेतलं, तेव्हा निम्म्यांनी नाकं मुरडली होती.

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला डबल्स खेळताना आमचे एक काका (वय 61) सर्व्हिस करता करता कोसळले. घशात घरघर, मधेच एखादा आचका. कुणीतरी म्हणालं फिट आली, कांदा हुंगवा. कांदा शोधण्यात मिनिटभर गेलं, लिहिताना अजून लाज वाटते. मग मी छाती दाबायला घेतली, एका पोरानं 108 ला फोन लावला, दुसरा मशीन आणायला पळाला. कपाटाला कुलूप, किल्ली वॉचमनकडं. असो.

मशीन इंग्रजीत बोलायला लागलं. बनियन कापलं, पॅड चिकटवले, एक शॉक बसला. परत दाबत राहिलो. दोन मिनिटांनी म्हणालं, शॉकची गरज नाही. आम्हाला वाटलं, वाचले! सगळ्यांनी हात काढले, दोघांनी तर एकमेकांना टाळी दिली. तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातल्या रिटायर्ड नर्सबाई आल्या, वाकून बघितलं आणि ओरडल्या, “श्वास कुठाय? दाबा!”

काका वाचले. स्टेंट टाकलाय, आता घरी आहेत. पण ते पंधरा-वीस सेकंद डोक्यातनं जात नाहीत. मशीन चुकलं की आम्ही?

आणखी एक. अंग घामानं निथळत होतं, गळ्यात सोन्याची जाड साखळी. आपल्यालाच करंट बसेल म्हणून दोघं-तिघं लांब उभे राहिले. आणि सेक्रेटरी आता म्हणतायत, मशीन माझ्या गाडीत ठेवतो, चोरीची भीती नाही. काय करावं?

वॉर्डातली_ताई :
दादा, मशीन बरोबर होतं. ते नाडी बघत नाही, फक्त हृदयातली वीज वाचतं. हृदय नुसतं थरथरत असेल (व्हेंट्रिक्युलर फायब्रिलेशन), किंवा खालच्या कप्प्यांतून फार वेगानं धावत असेल, तरच शॉक. शॉकनं तो गोंधळ क्षणभर थांबतो आणि हृदयाला स्वतःचा ठेका धरायला वाव मिळतो. तुमच्या काकांचा ठेका परत आला असणार, पण ठेका आला म्हणजे लगेच रक्त ढकललं जातंच असं नाही. सिनेमात सरळ रेघ दिसली की शॉक देतात ना, त्या सरळ रेघेवर खरं तर शॉक चालत नाही, दाबणंच चालतं.

म्हणून ‘गरज नाही’ ऐकलं की लगेच परत दाबायला लागायचं. मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल. माणूस हलेपर्यंत, नीट श्वास घेईपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्सवाले ताबा घेईपर्यंत. थकलात की माणूस बदला. आचके म्हणजे श्वास नव्हे, तिथं सगळेच फसतात.

घाम टॉवेलनं खसाखसा पुसायचा, नाहीतर पॅड नीट चिकटत नाहीत. साखळी काढत बसू नका, पॅडखाली येऊ नये इतकी बाजूला सारा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगडीवर. पॅडवर चित्र असतंच. मशीन ‘हात लावू नका’ म्हणेल तेवढ्यापुरतं सगळ्यांनी लांब व्हायचं, बाकी वेळ भ्यायचं कारण नाही.

भडंग_आणि_चहा :
गाडीत?? एप्रिल-मेमध्ये सांगलीत बंद गाडी म्हणजे भट्टी. पॅडवरची जेल वाळून जाईल, बॅटरीचीही वाट लागेल. शिवाय सेक्रेटरी मिरजेला गेले की मशीन पण मिरजेला.

वॉर्डातली_ताई :
+1. आणि कुलूप काढा हो आधी. शॉकला उशीर झाला की दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. छाती दाबत राहिलं तर ही घट हळू होते. पॅड एकदाच वापरायचे असतात, नवीन मागवलेत ना?

कृष्णाकाठ :
ताई, तुमचं वाचून आत्ता हॉलवर जाऊन आलो. मशीनचा हिरवा दिवा लागतोय, पण पिशवीत वापरलेल्या पॅडचं नुसतं रिकामं पाकीट. महिनाभर आम्ही तसंच खेळतोय. डीलरला फोन केलाय, उद्या येतो म्हणाला. कुलूप माझ्या खिशात आहे. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.