हॉस्पिटलात बेल दाबली, कोणी आलंच नाही... तुमचे अनुभव?

मडगावची लेक: चवथीला (गणेश चतुर्थीला) भावाने घराला नवी बेल बसवली. नेमका हॉस्पिटलातल्या बेलचाच सूर! चार वर्षांपूर्वी बाबा शुगर वाढली म्हणून एका खासगी हॉस्पिटलात होते (नाव नको). रात्री २ ला तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. बेल दाबतेय, दाबतेय. शेवटी अनवाणी धावले. सिस्टर म्हणाली, "ग्लानी असेल, झोपू द्या." डॉक्टर उजाडल्यावर. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ गेली. यंदा माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानांची चौकट) बाबांनी खुर्चीत बसून, सांगून बांधून घेतली.

डिचोलीकर: आमची मावशी चहासाठीच बेल दाबायची. खरंच दुखलं तेव्हा कोणी फिरकलं नाही 😅

रातपाळी: नर्स आहे, शिव्या खायच्या तयारीने लिहिते. रात्री दोन वॉर्ड, आम्ही दोघी. तरी तोंड वाकडं बघून "झोपू द्या" ही चूकच. डॉक्टरला किती वाजता कळवलं, ते केसपेपरवर असतं. बघितलंस?

मडगावची लेक: ५ वाजता लिहिलंय गो. माझी २ ची बेल कुठेच नाही.

फोंड्याचा काका: बेलची नोंद बऱ्याच ठिकाणी राहत नाही. तेव्हा कोणाला फोन लावलेलास?

मडगावची लेक: भावाला, २.१२ ला! स्क्रीनशॉट आहे.

फोंड्याचा काका: मग तोच पुरावा. नर्सची चूक झाली तरी भरपाई हॉस्पिटलकडे मागता येते. केसपेपर लेखी मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, २००२ चा नियम. ग्राहक आयोगाकडे मात्र २ वर्षांत जायचं असतं. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. सरकारीत जिथे सगळ्यांनाच फुकट, तिथे ग्राहक कायदा लागत नाही.

पेडण्याची सून: माटोळीला तोरिंगण (पपनस) मिळालं? आमच्याकडे बाजारात काय भाव, बापरे!!

काणकोणकर: १०८ वेळेत आली, सासरे वाटेत बोलत होते. दारात मात्र "आधी डिपॉझिट". १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आधी जीव वाचवा, बाकी नंतर. काउंटरवरच्या पोराला कोण सांगणार?

डिचोलीकर: पैसे भरल्यावर सासरे बरे झाले ना?

काणकोणकर: नाही रे.

डिचोलीकर: सॉरी दादा. विचारायला नको होतं.

मडगावची लेक: काका, केसपेपर भावाच्या कपाटात आहेत, उद्या काढते. बेल बदलली. आता कोकिळा ओरडते, बाबा वैतागलेत.