राउटरशिवाय गिटारचा ब्रिज नक्की जमतो

वर विचारलंय की राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) नसेल तर फ्लेमेंको गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारा बांधतात त्या लाकडी पट्टीला, सॅडलची (तारा ज्यावर टेकतात त्या बारीक पट्टीची) खाच कशी पाडायची, तर दादा, बारीक दातांची करवत पट्टीला टेकवून दोन समांतर काप घ्या आणि मधलं लाकूड अरुंद पटाशीने हळूहळू काढा, सुंदर होतं. तारांची भोकं मात्र लाकूड चौकोनी असतानाच पाडा, नंतर ड्रिल सरकतं. ब्रिजसाठी नाशकात जुन्या पलंगाचं शिसव मिळालं तर सोडू नका. आणि ब्रिजची उंची कमीच ठेवा हं, क्लासिकलला ब्रिजपाशी तार टॉपपासून (गिटारच्या पुढच्या लाकडी फळीपासून) साधारण १०-११ मिमी वर असते, फ्लेमेंकोला ७-८, त्या ठसक्याला तेच लागतं. चिकटवायचं काम भर पावसाळ्यात नको, दमट हवेत टॉप फुगलेला असतो.