कुंडलिकेत कयाकिंग: सोसायटीत कोणी जाऊन आलंय का?

ए-५०१: ताई, तुमच्या स्टेटसला नदीतले फोटो पाहिले. कुठे गेला होतात? आमचा नववीतला महिनाभर कयाकिंग कयाकिंग करतोय. पाठवावं का, ठरत नाहीये.

सी-४०२: कोलाडला गेलो होतो, कुंडलिका नदीवर. आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्याच पहिल्यांदा. थांबा, नीट लिहिते.

बी-२०३: राफ्टिंगच ना ते?

सी-४०२: नाही हो दादा. राफ्टमध्ये सात-आठ जण आणि गाइड असतो. कयाकमध्ये आपण एकटे. होडी कुठे जाते ते आपल्याच हातात. आणि आम्ही राफ्टिंगच्या पट्ट्यात गेलोच नाही, खाली नदी संथ होते तिथे होतो.

सी-४०२: पहाटे पाचला पुण्याचा चांदणी चौक सोडला. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, सुतारवाडी करत साडेआठला कोलाड. आधी जिथे बुकिंग होतं तिथे लाइफ जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं, त्याला सुतळी बांधलेली. दुसरं मागितलं तर "इथे पाणी खोल नाही, मॅडम". आम्ही तिथून निघालो. अ‍ॅडव्हान्स गेला, त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या मुलाने जॅकेट घातल्यावर प्रत्येकीचे खांद्याचे पट्टे धरून वर ओढून पाहिलं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल, पाण्यात निसटणार. मग पहिला अर्धा तास त्याने वल्हवूच दिलं नाही. कमरेइतक्या पाण्यात एकेकीला मुद्दाम उलटवलं. पडल्यावर आधी होडी धरायची, वल्हं सोडायचं नाही. होडी सुलटी करायची, तिच्यावर पोटावर आडवं यायचं, पाय झाडत वर सरकायचं आणि मग वळून बसायचं. मला तिसऱ्या वेळी जमलं. आमच्यातल्या दोघींना पोहता येत नाही, त्यांची भीती तिथेच निम्मी झाली. कारण पडल्यावर काय होतं ते आता त्यांना माहीत होतं.

ए-५०१: आणि हात? याचे दंड म्हणजे काड्या आहेत.

सी-४०२: वहिनी, जोर दंडाचा नाहीच. मीही सुरुवातीला हातांनीच ओढत होते, दहा मिनिटांत खांदे भरून आले. पाय होडीतल्या टेकणावर रेटायचे आणि कमरेतून वळायचं. वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं, कमरेशी आलं की बाहेर. उजवीकडे लांब अर्धगोल मारला की होडी डावीकडे वळते. हे एकदा अंगात बसलं की होडी अगदी सरळ, आवाज न करता जाते. काठावर खंड्या बसला होता, आम्ही चार-पाच हातांवर गेलो तरी उडाला नाही. तो क्षण मी विसरणार नाही.

बी-२०३: कोणी पडलं का खरोखर?

सी-४०२: मी पडले. एका खडकावर होडी आडवी गेली. अशा वेळी अंग आपोआप खडकापासून लांब झुकतं, तीच चूक. पाणी येतं त्या बाजूची होडीची कड पाण्याखाली जाते आणि पाणी होडी उलटवतं. खरं तर खडकाकडे झुकायचं, त्याला जवळजवळ मिठीच मारायची. पडल्यावर मी उभी राहायला गेले तर तो मुलगा ओरडला, "पाय वर!" वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं तर मागून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं, मग गुडघाभर पाणीही पुरतं. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, बोटं वर, आणि काठाकडे हात मारत जायचं.

तसंच पाण्यात वाकलेली झाडं. सावली बघून जावंसं वाटतं, पण फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो. लांबूनच वळायचं.

ए-१०२: एक गोष्ट सांगतो, कारण मुलं जाणार आहेत. त्या नदीला सकाळी येतं ते पाणी पावसाचं नाही, मुळशी धरणाचं. मुळा नदी खरी पूर्वेची. भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारी. धरणातलं पाणी डोंगरातून बोगद्याने आणि नळांनी खाली भिऱ्याला उतरवतात, वीज करतात आणि कुंडलिकेत सोडतात. ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. म्हणून लख्ख ऊन असतानाही नदी चढते. मधल्या कोरड्या खडकावर डबे उघडून बसू नका.

सी-४०२: अगदी बरोबर, काका. आम्हालाही उतरण्याआधी पाणी कधी सुटतं ते विचारून घ्यायला सांगितलं होतं. मुळशीवरून जाताना आम्ही धरणाचे फोटो काढले, पण त्याच पाण्यावर दिवसभर असणार आहोत हे लक्षातच आलं नव्हतं.

ए-१०२: त्या पाण्याखाली आमच्या आजोबांचं गाव आहे. १९२१ ला सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, त्यांत आजोबा होते. धरण झालंच. तुमचे फोटो मी दोनदा पाहिले.

ए-५०१: काका, हे माहीतच नव्हतं. मुलाला सांगते.
ताई, मग पाठवते त्याला. पण तुमच्याबरोबरच.

सी-४०२: चालेल. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, स्लिपर वाहून जातात. चष्म्याला दोरी. जीन्स नको, भिजली की जड होते. जॅकेट मी स्वतः ओढून बघेन. आणि मी उलटवलं तर रागवायचं नाही, असं आधीच सांगून ठेवा.

बी-२०३: आम्ही दोघं पण. तारीख टाका.

ए-१०२: गाडीत जागा असेल तर मला मुळशीला उतरवाल का? येताना घ्या परत.

सी-४०२: काका, मुळशीला आपण सगळेच थांबू. तुम्ही गाव कुठे होतं ते दाखवा, मग कोलाडला काठावर आमच्याबरोबर चला. पुढची सीट तुमची. पाचला गेटवर.

ए-१०२: पावणेपाचला असेन.