उत्तर: कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम शिकवावं का?
वर कुणीतरी लिहिलंय की आठवड्याला दोन-तीन लेक्चर म्हणजे आरामाची नोकरी, ते अजिबात पटलं नाही. मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. इथे पार्टटाइमरला एका डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातली कम्युनिटी कॉलेजं चालवणाऱ्या संस्थेत) फुलटाइमच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येतं, म्हणून घर चालवायचं तर दोन-तीन डिस्ट्रिक्ट धरायचे आणि सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात असा फ्रीवेवर जीव काढायचा. पगार बहुतेक वर्गात उभं राहिलेल्या तासांचा, पेपर तपासणं त्यातच धरलेलं. कॅल्क्युलसच्या पेपरात पोराचं वजा चिन्ह नेमकं कुठल्या ओळीत हरवलं ते शोधून स्टेप मार्क द्यायला वेळ लागतोच ना, आणि तो द्यायलाच हवा, कारण दिवसभर गोदामात काम करून रात्रीच्या बॅचला येणारा विद्यार्थी त्या एका शेऱ्यावरूनच शिकतो. त्या पोरांसाठीच मी टिकून आहे.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताई, मास्टर्स त्याच विषयात असेल तर अर्ज नक्की करा, पीएचडी लागत नाही. पण नोंदणी कमी झाली तर वर्ग ऐनवेळी रद्द होतो, फुलटाइमरचा भरला नाही तर तुमचा त्याला दिला जाऊ शकतो, हे धरून चाला. ऑफिस अवर्सचे पैसे, हेल्थ इन्शुरन्स आणि पुढच्या टर्मला कुणाला आधी वर्ग मिळतात हे युनियनच्या करारात आधी वाचा. आणि दोन टर्मच्या मधे बेकारी भत्त्याचा अर्ज करायला लाजू नका, १९८९च्या सर्विसी खटल्यात कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने पार्टटाइम शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून तो आपला हक्क आहे.