आईसाठी सात-आठ हजारांतला टचचा फोन घ्यावा का? (गंगाघाट, भाजीचा धंदा, हात कायम ओले)

अंबड_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. आई बावीस वर्षांपासून नाशिकला गोदावरीच्या काठी, गंगाघाटावर भाजी विकते. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात. बुधवारी बाजार मोठा असतो, त्या दिवशी मावशीही तिच्या मदतीला बसते. आईकडे बटणांचा फोन आहे. आकडे पार झिजलेत, पण तिचं काही अडत नाही. दोन दाबून धरलं की ताईला लागतो, तीन दाबलं की मला.

आता ती स्वतःच म्हणते, टचचा घे. ताई पुण्याला असते, तिची मुलगी सात महिन्यांची आहे. आजीला नात बघायची आहे. दुसरं म्हणजे निम्मं गिऱ्हाईक आता फोनवरून पैसे देतं. आई शेजारच्या लिंबूवाल्या काकांचा स्कॅनर पुढे करते आणि रात्री दोघं तोंडी हिशोब लावतात. काका भला माणूस आहे, पण तिच्याकडे काहीच नोंद नसते आणि विचारायला तिला संकोच वाटतो.

तिसरं कारण माझं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर कधी चढेल ते सांगता येत नाही. विसर्ग किती क्युसेक केला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, याचे मेसेज आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लगेच फिरतात. ते येतात माझ्या फोनवर, आणि मी साडेतीन ते बारा अंबडच्या कारखान्यात मशीनवर. फोन लॉकरमध्ये. गेल्या पावसाळ्यात मेसेज पावणेचारला आला होता, मी तो पाहिला जेवणाच्या सुट्टीत. तोवर आईने पायरीला लागलेलं पाणी पाहून एकटीने गाठोडं उचललं होतं. दोन क्रेट कोथिंबीर आणि ताडपत्री गेली. माल गेला त्याचं एवढं नाही. ती एकटी होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

बजेट आठ हजारांपर्यंत. स्वस्त फोनचं चांगलं काय, वाईट काय, हे वापरणाऱ्यांनीच सांगा. ओल्या हाताने चालतो का? किती वर्षं टिकतो? की त्याच पैशांत कुणी वापरलेला चांगला फोन घ्यावा?

---

मास्तर_नाशिकरोड

मी अडीच वर्षं सात हजारांचा फोन वापरतोय, म्हणून लिहितो.

बॅटरी उत्तम. 5000 एमएएचची आहे, माझ्या वापराला दीड-दोन दिवस सहज जाते. मात्र सोबत आलेला चार्जर 10 वॅटचा, पूर्ण भरायला तीन तास. रात्री लावून सकाळी काढायचा, एवढीच सवय लागते. अक्षरं मोठी करता येतात. मराठीत टाइप करायचा कंटाळा आला तर कीबोर्डवरच्या माइकला हात लावून बोलायचं, तो लिहितो. 'ळ' आणि 'ण'सुद्धा नीट येतात. आमच्या हिच्या सांध्यांना सूज असते, तिला तर हे वरदान आहे.

वाईट एकच, पण ते मोठं आहे. फोन वाजायला लागतो आणि पडदा काळाच राहतो. कोणाचा आहे ते दिसेपर्यंत चार-पाच रिंग होऊन जातात. घेतला तेव्हा असं नव्हतं, वर्षभरानंतर सुरू झालं. तुमच्या आईला घाईत फोन घ्यावा लागणार असेल तर हे आधी माहीत असू द्या.

---

फोल्डर_बदलून_मिळेल

भाऊ, मी एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, नऊ वर्षं झाली. मास्तरांच्या फोनचा पडदा उशिरा का उजळतो ते आधी सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

स्वस्त फोनमध्ये स्टोरेजची चिप ईएमएमसी जातीची असते. महागात यूएफएस असते, ती कितीतरी वेगवान. ईएमएमसी मुळात हळू, आणि भरत आली की आणखी हळू. 32 जीबीचा फोन हातात येतो तेव्हाच त्यातला मोठा हिस्सा सिस्टीमने घेतलेला असतो. वर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सप्तशृंगीचे व्हिडिओ. वर्षभरात काठोकाठ. माझ्याकडे 'फोन हँग होतो' म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचा फोन बिघडलेलाच नसतो, भरलेला असतो. मास्तर, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याचं बंद करा, जुने काढून टाका आणि फोन एकदा बंद-चालू करा. फरक पडेल.

आता भाऊ, तुमचं. 64 जीबीच्या खाली बघूच नका. रॅम 4 जीबी हवी. खोक्यावर '8 जीबी' छापलेलं असेल तर खालचे बारीक अक्षर वाचा, तिथे 4 अधिक 4 असतं. ती पुढची चार खरी रॅम नाही, स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरतात. 2 जीबीवाले फोनही मिळतात. अशा कमी रॅमच्या फोनसाठी गुगलने 2017 मध्ये अँड्रॉइडची हलकी 'गो' आवृत्ती काढली. फोनवर बोलण्यापुरतं ते ठीक आहे. पण कमी रॅममध्ये मागे चालणारी अ‍ॅप बंद पडतात, आणि मग पैसे आल्याचा किंवा धरणाचा मेसेज अ‍ॅप उघडल्यावरच दिसतो. तुमचं कामच त्यावर आहे.

ओल्या हाताचं खरं सांगतो: नाही चालत. काचेखाली डोळ्याला न दिसणारी जाळी असते, तिच्यात बारीक विद्युतभार असतो. बोट टेकलं की तिथला भार बदलतो आणि फोनला कळतं. पाण्यातूनही वीज वाहते, म्हणून थेंब पडला तरी त्याला बोटच वाटतं. भलतंच उघडतं, नाही तर काहीच हलत नाही. पूर्वीचे टच दाबावर चालायचे, नखाने किंवा काडीनेही चालायचे. ते आता राहिले नाहीत. कोथिंबिरीवर पाणी मारणाऱ्या हाताला कोरडा पंचा जवळ ठेवावाच लागेल.

म्हणून पैसे घ्यायला फोनवर अवलंबून राहू नका. आईच्या खात्याचा क्यूआर काढा आणि आवाज करणारा डबा घ्या, 'इतके रुपये मिळाले' सांगतो तो. त्यात स्वतःचं सिम असतं, फोन पिशवीत असला तरी तो बोलतो. महिन्याला थोडं भाडं पडतं. गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवून निघून जातं, तो प्रकारही त्याने थांबतो, कारण डबा बोलला तरच पैसे आले. आणि आईला एक गोष्ट पाठ करून द्या: पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. कोणी टाकायला सांगितला तर तो चोर. तरी फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन.

फुटला तर काय? फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, बदलायला साध्या फोनला दीड ते अडीच हजार घेतो आम्ही. आठ हजारांच्या फोनला तो खर्च जड जातो, म्हणून लोक फुटक्या काचेवरच दिवस काढतात. फुटक्या काचेतून पाणी आत गेलं की मग आतला मुख्य बोर्डच जातो. पहिल्याच दिवशी टेम्पर्ड काच आणि चारी कोपऱ्यांना उंच कड असलेलं कव्हर घाला.

वापरलेला फोन मी नाही म्हणणार नाही. बारा-तेरा हजारांचा, दीड वर्ष वापरलेला फोन सात हजारांत मिळतो आणि नव्या स्वस्त फोनपेक्षा चपळ असतो. पण *#06# लावून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर बघा, मग केवायएम (KYM), मोकळी जागा आणि तो पंधरा आकडी नंबर असा मेसेज 14422 वर पाठवा. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर हात लावू नका. बिल मागा. पाठीमागचं झाकण फुगलंय का ते बोटाने दाबून बघा.

---

निफाडची_द्राक्षवाली

फोल्डरवाल्या दादांचं सगळं पटलं, एक सोडून. वापरलेला घेऊ नका.

आमच्या घरात दोन्ही झाले. दिराने ओळखीच्याकडून वापरलेला घेतला होता. फोन छान होता, पण बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायची. द्राक्षांचा खुडा चालू, गाडी दारात, आणि फोन बंद. बदललेली बॅटरी मूळची नव्हती, ती पाच महिन्यांत फुगली. नव्या फोनला निदान वर्षाची वॉरंटी असते. आणि तुमची आई तक्रार घेऊन दुकानात एकटी जाणार असेल तर बिल हातात असलेलं बरं. बाईमाणसाला काउंटरवर किती उडवून लावतात ते मी भोगलंय.

मी स्वतः पावणेआठ हजारांचा नवा वापरते, तिसरं वर्ष चालू आहे. बागेत माझा मोठा वैताग म्हणजे ऊन. स्वस्त पडद्याला उजेड कमी असतो. मार्चच्या उन्हात मला त्यात माझंच तोंड दिसतं. पाठ सूर्याकडे करून, पदराची सावली धरून ई-पीक पाहणी करते. ते अ‍ॅप 2021 च्या स्वातंत्र्यदिनी आलं, तेव्हापासून पिकाची नोंद आपणच शेतात उभं राहून फोटो काढून करायची. त्याला जीपीएस लागतं. या फोनचा जीपीएस बांधावर दोन-तीन मिनिटं घेतो, पण लावतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर डाग दिसला की फोटो काढून कृषी सेवा केंद्रात पाठवते. डाऊनी (केवडा रोग) आहे की नुसता करपा, एवढं सांगण्याइतका फोटो दिवसा स्पष्ट येतो. दिवेलागणीनंतर मात्र नुसता रांगोळीचा भुगा.

म्हणजे आठ हजारांत काम होतं. होत नाही ते घाईचं काम. औषध मारताना हातमोजे असतात, तेव्हा टच चालतच नाही. सासूबाईंचा बटणाचा फोन मी म्हणूनच मोडीत काढला नाही. तो ओटीत बांधून फवारणीला जाते. दादा, आईचा जुना फोन काढून घेऊ नका. झिजलेल्या बटणांवर तिचं बोट न बघता जातं, पाणी चढत असताना तेच उपयोगी पडेल.

आणि घाटावर सावली कुठे आहे ते बघा, आई त्या बाजूला तोंड करून बसते का?

---

अंबड_दुसरी_पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. निफाडच्या ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आईला जाऊन विचारला. ती सकाळी उन्हाकडे तोंड करून बसते, दुपारी छत्री फिरवते. सकाळी पडदा दिसणार नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तीन आठवडे झाले, आता लिहितो. नवाच घेतला, 4 जीबी आणि 64 जीबी, कव्हर आणि काच धरून आठ हजार तीनशे. दुकानात आईला सोबत नेलं आणि काउंटरवर पाण्याने बोटं ओली करून सगळ्या फोनना हात लावायला सांगितलं. दुकानदार आधी चिडला, मग त्यानेच पेला भरून दिला. सगळे सारखेच अडखळले. फोल्डरवाल्या दादांनी सांगितलं होतंच, पण तिने स्वतः पाहिलं म्हणून आता ती फोनवर रागावत नाही, आधी पंचा शोधते.

क्यूआर तिच्या नावाने झाला, डबाही आला. पहिल्या बुधवारी संध्याकाळी तिने मला आकडा सांगितला, किती फोनवर आले आणि किती रोख. काकांकडे आता ती फक्त चहाला जाते. डब्याच्या आवाजाने तिची मान ताठ झालीय, हे मी बघतोय.

दुसरं सिम घेऊन जुन्या फोनमध्ये घातलं. तो कमरेच्या पिशवीत असतो. धरणाच्या ग्रुपला वेगळी रिंगटोन लावली, बाकी सगळे ग्रुप मुके केले. तरी माझी धास्ती गेलेली नाही, कारण गर्दीत नवा फोन वाजलेला तिला ऐकू येत नाही, स्पीकर बारीक आहे. म्हणून लिंबूवाल्या काकांनाही त्या ग्रुपमध्ये घेतलं. मेसेज आला की ते हाक मारणार. मावशीच्या मुलालाही सांगून ठेवलंय, त्याने मेसेज पाहिला की जुन्या फोनवर लावायचा.

व्हिडिओ कॉल घाटावर अडकतो, घरी नीट चालतो. रात्री नऊला ताई लावते. नात पडद्याला हात मारते आणि आई फोन जवळ नेते, मग पलीकडे नुसतं कपाळ दिसतं. ताई ओरडते, 'आई, लांब धर.' अजून जमलेलं नाही.

फोल्डरवाले दादा, एक राहिलं. चार्जिंगच्या भोकात मातीचे कण गेलेत, पिन हलवल्यावरच चार्ज होतो. घरी टाचणीने काढू का, की दुकानात आणू?

---

फोल्डर_बदलून_मिळेल

टाचणी अजिबात नको, आतली पिन वाकेल. फोन बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने झटका. नाही निघालं तर शनिवारी दुपारी या, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे घेणार नाही. येताना रबराचं बूच असलेलं कव्हर बघून ठेवतो.