मदत हवी आहे : जावळ व्हायचंय, लोक मुलाला मुलगी समजतात

माझा मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा. जावळ दिवाळीनंतर माहूरला काढायचं, सासूबाईंचा नवस आहे, त्यामुळे कटिंग करून टाका हे प्लीज सांगू नका, कात्री लागणारच नाही. केस खांद्याखाली आलेत, नागपूरच्या उकाड्यात मोकळे सोडले तर मानेवर घामोळ्या येतात म्हणून वर बुचडा बांधते. कान टोचलेत, आमच्यात मुलांचेही टोचतात. कपडे निळे-हिरवे, डायनोसॉरचे, तरी काही फरक नाही.

फुटाळ्यावर, बर्डीवर, ऑटोत, सगळीकडे "किती गोड पोट्टी आहे बाई!" आधी मी हसून सोडून द्यायची, मला खरंच काही वाटत नाही, पण आता त्याला कळायला लागलंय ना. परवा फुगेवाल्याने "घे बेटी" म्हणून गुलाबी फुगा दिला तर याने फुगा धरला घट्ट, आणि दुसऱ्या हाताने रबरबँड ओढून काढला, केसांसकट. तेव्हापासून बांधूच देत नाही. गुलाबी फुगा मात्र झोपताना पण सोडला नाही.

प्रत्येकाला "मुलगा आहे" सांगून पाहिलं, तर समोरचा ओशाळतो नाहीतर "मग केस कायले वाढवले?" सुरू होतं आणि पोरगा बिचारा दोघांची तोंडं बघत राहतो. नवऱ्याचं म्हणणं दुर्लक्ष कर.

मुलीसारखं दिसणं म्हणजे काहीतरी वाईट असंही त्याच्या डोक्यात बसायला नकोय मला. ज्यांच्या मुलांचं जावळ उशिरा झालं त्यांनी सांगा, अशा वेळी त्याच्यासमोर लोकांना नेमकं काय बोलायचं आणि नंतर त्याला काय सांगायचं? आणि बुचडा सोडून मानेवरून केस वर राहतील असं अजून काय करता येईल?